भीड, वेतन आणि समाधान

एकाच वर्गांत शेजारीं बसलेले, परीक्षेंत जवळजवळ सारखे गुण मिळविलेले दोन तरुण एकाच कचेरींत एकाच दिवशीं रुजू होतात. पंधरा वर्षांनीं पाहावें तों एकाचें वेतन दुसऱ्याच्या दीडपट झालेलें असतें. वशिला, साहेबांची मर्जी, ग्रहमान, अशीं कारणें घरोघर सांगितलीं जातात, व तीं अगदींच निराधार असतात असें नाहीं. परंतु शिक्षण व बुद्धि समान धरूनहि जो फरक उरतो, त्यांत कांहीं वांटा स्वभावाचा आणि कांहीं नोकरीच्या वाटचालीचा असतो.

मानसशास्त्रज्ञ स्वभावाचीं पांच अंगें मानतात : कर्तव्यदक्षता, सौम्यपणा, बहिर्मुखता, मनाचें स्थैर्य आणि नावीन्याची आवड. यांपैकीं कर्तव्यदक्षता सर्व प्रकारच्या व्यवसायांत उपयोगी पडते, असें मरे बॅरिक व मायकेल माउंट यांनीं १९९१ सालीं दाखविलें. त्याचें नवल कोणास वाटणार नाहीं. नवल आहे तें सौम्यपणाचें. टिमथी जज व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं अमेरिकेंतील निरनिराळ्या पाहण्यांच्या आधारें असें सिद्ध केलें कीं, सौम्य माणसें तुलनेनें कमी मिळवितात, आणि हा तोटा स्त्रियांपेक्षां पुरुषांना पुष्कळच अधिक सोसावा लागतो. 'भीड ही भिकेची बहीण' या मराठी म्हणीला जणूं आंकड्यांचीच साक्ष मिळाली! वेतन कामाच्या वजनानें आपोआप ठरत नाहीं. तें मागावें लागतें, कमी वाटल्यास नाकारावेंहि लागतें, आणि भिडस्त माणसाच्या तोंडून नेमका तेथेंच 'बरं' हा शब्द निघून जातो. पुरुषाला अधिक झळ लागण्याचें कारण निराळें आहे. सौम्य पुरुष अधिकाराच्या जागेला शोभत नाहीं, असा निवड करणाऱ्यांचा पूर्वग्रह असतो. मात्र एवढ्यावरून मुलाला उर्मटपणाचे धडे देण्याचें कारण नाहीं. या पाहण्यांतील 'कमी सौम्य' माणूस भांडखोर नव्हे. स्वतःच्या हिताच्या गोष्टींत चटकन् माघार न घेणारा, एवढाच त्याचा अर्थ.

वाटचालीची गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. रॉबर्ट टोपेल व मायकेल वॉर्ड यांच्या १९९२ सालच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अमेरिकन तरुण पहिल्या दहा वर्षांत सरासरीनें सात ठिकाणीं नोकरी करतो, आणि त्या काळांतील वेतनवाढीपैकीं सुमारें एक-तृतीयांश वाढ जागा बदलल्यामुळें पदरांत पडते. 'एका जागीं टिकत नाहीं' म्हणून ज्याला घरीं बोल लागतो, त्याची बाजू वाटते तितकी लंगडी नसते. उलट, मंदीच्या सालीं पदवी घेणाऱ्याकडे दोष कोणताच नसतो. तरी त्याचें वेतन कांहीं वर्षें मागेंच राहतें, असें कॅनडांतील पदवीधरांच्या नोंदींवरून दिसून आलें आहे.

मग वेतन वाढलें म्हणजे समाधान वाढतें काय? वाढतें, पण फार थोडें. आजवरच्या अनेक अभ्यासांचें एकत्र संकलन २०१० सालीं झालें, त्यांत या दोहोंचा संबंध अगदीं क्षीण निघाला. मनाच्या स्थैर्याशीं समाधानाचें नातें याहून कितीतरी निकटचें आहे. सदा चिंता करणारा मनुष्य मोठ्या हुद्द्यावरहि कुढतच असतो.

शिवाय तुलना आहेच. कॅलिफोर्नियांत एका वृत्तपत्रानें २००८ सालीं सरकारी नोकरांचे पगार नांवनिशीवार इंटरनेटवर खुले केले. डेव्हिड कार्ड प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं या संधीचा लाभ घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कांहीं नोकरांना ती यादी कोठें पाहावयास मिळेल तें कळविलें, कांहींना कळविलें नाहीं, आणि पुढें सर्वांकडे विचारणा केली. या अवधींत यादी कळल्यामुळें कोणाचा पगार एका डॉलरनेंहि बदलला नव्हता. तरीसुद्धां बरोबरीच्या लोकांत ज्यांचें वेतन कमी निघालें, ते आपल्या नोकरीवर नाराज झाले व दुसरी जागा शोधण्याची भाषा करूं लागले. ज्यांचें वेतन अधिक निघालें, त्यांच्या समाधानांत मात्र काडीइतकीहि भर पडली नाहीं.