होकार आला, पण कशाला?

मी हवाई वाहतूक नियंत्रक. खाली येणाऱ्या विमानाला अकरा हजार फुटांपर्यंत उतरायला सांगायचं असतं. आधी त्याची कॉल साइन, मग सूचना, मग आकडे एकेक सुटे करून. बोलून झालं की मी बटण सोडतो आणि वैमानिक तीच सूचना मला परत म्हणून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. ते दोन-तीन सेकंदांचंच काम, पण माझ्या लेखी सगळ्या नोकरीचा जीव त्यात आहे. तो 'वन वन झीरो' म्हणाला की 'वन झीरो झीरो'? दहा हजारांवर दुसरं विमान असू शकतं.

ऐकताना हातही चालू असतो. शिकत होतो तेव्हा प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असायची, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेली. नवी उंची दिली की ती पट्टीवर लिहायची, जुनी खोडायची, आणि रीडबॅक बरोबर आला तरच खूण करायची. आता बहुतेक ठिकाणी पट्टी पडद्यावर आली आहे, पण खुणेची शिस्त तीच. अडचण अशी की रीडबॅक सुरू होईपर्यंत मन पुढच्या विमानावर गेलेलं असतं. फोनवर शेजारचा सेक्टर काहीतरी विचारत असतो, पलीकडे एक विमान पहिल्यांदाच संपर्क करत असतं. शिवाय उत्तर काय येणार हे मला आधीच ठाऊक असतं, कारण सूचना मीच दिलेली. अशा वेळी कान आलेलं वाक्य ऐकत नाही, अपेक्षित वाक्य ऐकतो. हात खूण करून मोकळा होतो.

नव्या मुलांना शेजारी बसवून शिकवताना मी त्यांचं बोलणं फारसं सुधारत नाही, ते आपोआप सुधारतं. मी बघतो ते बटण सोडल्यानंतर त्यांची नजर कुठे जाते. साताऱ्याकडची एक मुलगी बसली होती. तिनं एका विमानाला उंची आणि दिशा दिली, वैमानिकानं नुसतं 'रॉजर' म्हटलं आणि ती पुढच्या पट्टीकडे वळली.

"थांब. काय म्हणाला तो?"

"रॉजर म्हणाले, सर."

"म्हणजे ऐकलं एवढंच कळलं. काय ऐकलं ते विचार त्यांना."

तिला संकोच वाटला. समोर वीस वर्षं विमान चालवणारा कॅप्टन, त्याला परत बोलायला कसं लावायचं? तरी तिनं विचारलं. त्यानं सगळं नीट म्हणून दाखवलं, सूचना त्याला बरोबर समजली होती. संध्याकाळी ती म्हणाली, "उगाच त्रास दिल्यासारखं वाटलं, सर." मी तिला सांगितलं की हा त्रास रोज द्यायचा असतो, दहादा द्यावा लागला तरी. आपल्याकडे मोठ्यांना उलटून विचारू नये असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. इथे ते मुद्दाम पुसून टाकावं लागतं.

बाहेरच्यांना वाटतं, घोटाळे उच्चारांमुळे होतात. उच्चाराचा प्रश्न आहेच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत, आणि परदेशी उड्डाणांच्या कामात वैमानिक व नियंत्रक दोघांनाही किमान चौथी लागते. पण अनोळखी उच्चार कानावर पडला की माणूस सावध होतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. मला जास्त भीती वाटते ती ओळखीच्या आवाजाची, सराईतपणे भरभर दिलेल्या उत्तराची.

उत्तर बिनचूक असूनही दगा होतो, याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण टोकियोच्या हानेदा विमानतळावरचं. तारीख २ जानेवारी २०२४. आदल्या दिवशी नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता आणि तटरक्षक दलाचं छोटं विमान मदतसाहित्य घेऊन निघायच्या तयारीत होतं. नियंत्रकानं त्याला 'नंबर वन' असा क्रमांक सांगून सी-फाइव्ह या होल्डिंग पॉइंटपर्यंत यायला सांगितलं. होल्डिंग पॉइंट म्हणजे धावपट्टीच्या अलीकडची थांबायची जागा. वैमानिकानं रीडबॅक दिला, शब्दन् शब्द बरोबर. पण धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली अशी त्याची समजूत झाली होती. विमान रेघ ओलांडून धावपट्टीवर गेलं आणि चाळीसेक सेकंद तिथेच उभं राहिलं. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटला होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही. मागून जपान एअरलाइन्सचं एअरबस उतरलं. त्यातले सगळे ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, तटरक्षकांच्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. त्यानंतर जपानमध्ये उड्डाणाचा क्रमांक सांगणं काही काळ बंद ठेवलं गेलं. त्या संभाषणाची नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. त्या नियंत्रकाच्या जागी मी असतो, तर रीडबॅक ऐकून मीही खूण केली असती.

कॉल साइनचा गोंधळ तर रोजचा. एकाच कंपनीची दोन विमानं, एकाचा नंबर सहाशे चौतीस, दुसऱ्याचा सहाशे त्रेचाळीस, दोघंही एकाच फ्रीक्वेन्सीवर. एकाला दिलेली सूचना दुसरा उचलतो. युरोपात यावर आकड्यांबरोबर अक्षरं मिसळलेल्या कॉल साइन वापरतात. आम्ही दोघांनाही आधी सांगून ठेवतो की तुमच्यासारखाच ऐकू येणारा दुसरा नंबर इथे आहे. सूचना मोठी असेल तरी असंच निसटतं. उंची, दिशा, वेग आणि पुढची फ्रीक्वेन्सी एका दमात दिली, तर चारांतलं एक गळणारच. गर्दीच्या वेळी मोह होतो, पण मी तोडून तोडून देतो.

चरखी दादरीवरच्या आकाशात झालेल्या टकरीचं नाव आमच्या धंद्यात आजही हळू आवाजात घेतलं जातं. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो वर चढत होतं, त्याला चौदा हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन दिल्लीला उतरायला येत होतं, त्याला पंधरा हजारांची मर्यादा होती. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचा मार्ग तेव्हा एकच. दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. नियंत्रकाला वैमानिकांच्या शब्दावरच विसंबावं लागायचं. नियंत्रकानं कझाक विमानाला समोरच्या जंबोची सूचना दिली, अंतर सांगितलं, उंची सांगितली. उत्तरंही आली. पण उत्तर देणारा रेडिओ ऑपरेटर होता, विमान चालवणारे दुसरे, आणि ऑपरेटरच्या जागेवर उंचीचं यंत्रच नव्हतं. विमान पंधरा हजारांच्या खाली घसरलं. उंची चुकली हे ऑपरेटरच्या ध्यानात आलं, त्यानं वर चढायला सांगितलं, तोवर फार उशीर झाला होता. दोन्ही विमानांतले ३४९ जण गेले, कामासाठी आखातात निघालेले कितीतरी भारतीय त्यात होते.

या अपघाताच्या लाहोटी आयोगानं केलेल्या चौकशीनंतर आणि त्या धक्क्यातून बरंच बदललं. उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळायचा इशारा देणारी टीकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली. आज माझ्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याशेजारी उंची लिहिलेली असते. रीडबॅक चुकीचा ऐकला तरी विमान दिलेल्या पातळीखाली जायला लागलं की आकडा बदलताना दिसतो. त्या काळच्या नियंत्रकाला ही सोय नव्हती, हे आठवलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

रेडिओची स्वतःचीही एक खोड आहे. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर कर्कश शिट्टी येते आणि दोघांचंही बोलणं बुडतं. २७ मार्च १९७७ ला टेनेरीफ विमानतळावरच्या धुक्यात नेमकं हेच झालं. केएलएमचं जंबो निघाल्याचं कळवत होतं. टॉवर आधी 'ओके' म्हणाला आणि क्षणभर थांबून मग थांबायला सांगू लागला. तेवढ्यात पॅन ॲमचं विमान आपण अजून धावपट्टीवरच आहोत म्हणून सांगायला गेलं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' नीट पोचलं, पुढचं सगळं शिट्टीत गेलं. दोन विमानांच्या टकरीत ५८३ माणसं गेली. म्हणूनच 'टेक-ऑफ' हा शब्द आम्ही आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतो. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'.

मग हे सगळं लेखी का करत नाही, असं लोक विचारतात. काही ठिकाणी केलंय. अरबी समुद्रावर, मुंबईच्या हद्दीत, एचएफ रेडिओची खरखर सहन करत बोलावं लागायचं. आता तिथे डेटा लिंकवरून संदेश थेट कॉकपिटच्या पडद्यावर जातो. समुद्रावर ते उत्तमच, विमानांमध्ये अंतर भरपूर असतं आणि वेळही. पण लेखी संदेश ज्याचा त्यालाच दिसतो. आवाजाच्या फ्रीक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकत असतात, आणि त्यामुळे किती चुका तिसऱ्याच वैमानिकानं पकडल्या आहेत याची गणती नाही.

उदाहरणार्थ, जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रात्री एअर कॅनडाचं विमान उतरत होतं. त्याच्या वैमानिकांनी शेजारच्या टॅक्सीवेलाच, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करायच्या वाटेलाच, धावपट्टी समजून त्या दिशेनं विमान आणलं. टॅक्सीवेवर चार विमानं रांगेत उभी होती. धावपट्टीवर दिवे दिसताहेत, उतरायची परवानगी नक्की आहे ना, असं वैमानिकानं विचारलंसुद्धा. नियंत्रकानं परवानगी आहे म्हणून सांगितलं, तुमच्याशिवाय धावपट्टीवर कोणी नाही असंही सांगितलं. हे खरंच होतं. प्रश्न नीट, उत्तर नीट, फक्त दोघं दोन वेगळ्या पट्ट्यांबद्दल बोलत होते. रांगेतल्या पहिल्या विमानाचा कॅप्टन हे सगळं ऐकत होता. समोरून दिवे अंगावर येताना दिसले आणि तो फ्रीक्वेन्सीवर बोलला की हा चाललाय कुठे, हा तर टॅक्सीवेवर येतोय. नियंत्रकानं लागलीच वर जायला सांगितलं, एअर कॅनडाच्या वैमानिकांनीही तोवर विमान उचलायला घेतलं होतं. ते जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली आलं होतं. धावपट्टीजवळचं बोलणं पडद्यावर नेऊ नये असं मी म्हणतो, ते या कॅप्टनकडे बघून.