निजामाच्या नावाचं स्पिटफायर: मॉडेलला खरा रंग कोणता, हे शोधायचं कसं?

धाराशिव जिल्ह्यातलं माकणी आज ओळखलं जातं ते तेरणेवरच्या धरणासाठी. लोहारा तालुक्यातलं हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नावही शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरूनच पडलेलं. मराठवाडा ज्याच्या राजवटीविरुद्ध लढला, त्या निजामाची आणखी एक आठवण हजारो मैलांवर, ब्रिटिश हवाई दलाच्या इतिहासात शिल्लक आहे. तिथल्या ११०, १५२ आणि २५३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनांना चक्क 'हैदराबाद'चं नाव होतं. कारण होतं निजामाने विमानांसाठी दिलेला पैसा. १५२च्या बोधचिन्हात तर निजामाचं शिरोभूषणच आहे.

समजा, या भागातल्या एखाद्या हौशी मुलाने ठरवलं की आपल्या इतिहासाशी नातं असलेलं एक विमान घरी बनवायचं. १५२ स्क्वाड्रनचं स्पिटफायर ही उत्तम निवड. प्लॅस्टिकचं किट ऑनलाइन मिळतं. १/७२ प्रमाणात पंखांची लांबी साधारण साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल असं. तुकडे चिकटवणं दोन-तीन रविवारचं काम. खरी गंमत पुढे आहे, रंगात.

आधी तारीख, मग रंग

'१५२ स्क्वाड्रनच्या स्पिटफायरचा रंग कोणता होता?' या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणतं विमान आणि कोणत्या महिन्यात, हे ठरल्याशिवाय रंगाची डबी उघडण्यात अर्थ नाही.

कारण बघा. १९४०च्या सुरुवातीला या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर आली, तेव्हा ब्रिटिश लढाऊ विमानांची पोटाकडची बाजू अर्धी काळी आणि अर्धी पांढरी रंगवत. डावा पंख काळा, उजवा पांढरा. जमिनीवरून बघणाऱ्या आपल्याच तोफखान्याने आपलंच विमान पाडू नये म्हणून ही खूण. मे महिन्यात शेपटीच्या उभ्या पंखावर लाल-पांढरा-निळा पट्टा आला आणि धडावरच्या गोल खुणेभोवती पिवळं कडं आलं. जूनमध्ये खालचा काळा-पांढरा रंग जाऊन फिकट हिरवट 'स्काय' आला. नोव्हेंबरच्या अखेरीस डाव्या पंखाची खालची बाजू पुन्हा काळी झाली आणि शेपटीजवळ 'स्काय' रंगाचा पट्टा आला. हे सगळं एकाच वर्षात!

वरची बाजू त्या वर्षभर गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी पट्ट्यांचीच राहिली, पण त्यातही एक मेख आहे. या पट्ट्यांचे दोन नमुने होते, 'ए' आणि 'बी'. एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. त्यामुळे किटमधल्या चित्रात दिसणारी नागमोडी रेघ तुमच्या निवडलेल्या विमानावर नेमकी उलटी असू शकते. पुढे ऑगस्ट १९४१मध्ये तपकिरीच्या जागी करडा आला, कारण लढाई इंग्लंडच्या शेतांवरून सरकून खाडीच्या पाण्यावर गेली होती.

म्हणून अनुभवी मंडळी आधी विमानाचा सिरीयल नंबर आणि धडावरची अक्षरं शोधतात. १५२ची अक्षरं होती 'यूएम', आणि त्यापुढे त्या विमानाचं स्वतःचं एक अक्षर. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक स्क्वाड्रनच्या रोजनिशा जपलेल्या आहेत, 'एअर २७' या वर्गात. कोणत्या दिवशी कोणता वैमानिक कोणतं विमान घेऊन उडाला, याची नोंद त्यात सापडते. तिथून तारीख मिळाली की अर्धं काम झालं.

काळ्या-पांढऱ्या फोटोतून रंग ओळखता येतो?

काही प्रमाणात, हो. पण आधी फिल्म कोणती होती ते कळायला हवं. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. तिच्यावर लाल आणि पिवळा काळपट उमटायचे, तर निळा फिकट. पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पकडते. ओळखायची युक्ती सोपी आहे: फोटोतल्या गोल खुणेकडे बघा. तिचे रंग तर आपल्याला माहीतच आहेत. बाहेरचं पिवळं कडं काळं दिसत असेल, तर फिल्म ऑर्थो, आणि मग बाकीच्या छटाही त्याच हिशेबाने वाचायच्या. जुने फोटो बघून 'पिवळं कडं नव्हतंच, काळं होतं' असं ठासून सांगणारे लोक या एका गोष्टीमुळे फसतात.

आता १५२चं सगळ्यात देखणं विमान बघू, जे बनवायचा मोह कुणालाही होईल. १९४३च्या अखेरीस ही स्क्वाड्रन भारताकडे आली आणि पुढे ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, जपान्यांविरुद्ध लढली. तिच्या 'मार्क ८' स्पिटफायरच्या धडावर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे.

या आघाडीवर गोल खुणेतला लाल रंग काढून टाकला होता. कारण उघड आहे. जपानी विमानावर लाल सूर्य असायचा आणि घाईच्या क्षणी लाल ठिपका दिसला की आपलाच सैनिक गोळी घालणार. म्हणून गडद निळा आणि आत फिकट निळा, अशी लहान खूण आली. १९४५च्या सुरुवातीला पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टेही आले. चंदेरी विमानांवर तेच पट्टे काळे. म्हणजे बिबट्याचं मॉडेल १९४४चं असेल तर पट्टे नकोत, १९४५चं असेल तर हवेत.

पण वरचा रंग? इथे मॉडेल करणाऱ्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो हिरवा-तपकिरी, कारण जंगलावर तोच लपतो आणि या आघाडीसाठी तोच ठरलेला होता. दुसरा म्हणतो हिरवा-करडा, कारण बरीच विमानं कारखान्यातून त्याच रंगात आली आणि आघाडीवर सगळी पुन्हा रंगवायला सवड कुणाला होती? लाल-पिवळी युक्ती इथे चालत नाही, कारण खुणेत ते रंगच नाहीत. मग फोटोत दोन पट्ट्यांमधला फरक बघायचा. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर करडा हा हिरव्यापेक्षा चांगलाच उजळ दिसतो, तर तपकिरी आणि हिरवा एकमेकांच्या जवळ जातात. काळा बिबट्या आणि पांढरे पट्टे ही दोन टोकं मोजपट्टीसारखी वापरता येतात. तरी धूळ, ऊन आणि उडालेला रंग यांमुळे शंका उरतेच. सरळ सांगायचं तर हा वाद विमानागणिक सोडवायचा असतो, सगळ्या स्क्वाड्रनला एकच रंग ठोकून नव्हे. आणि विमानाच्या एकाच बाजूचा फोटो मिळाला असेल, तर दुसऱ्या बाजूबद्दल तो काहीच सांगत नाही.

संग्रहालयातलं विमान बघून रंगवलं तर?

सावध राहा. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट अशी अस्सल विमानं आहेत. सांगाडा खरा असला तरी संग्रहालयातल्या विमानांवर नंतर पुन्हा रंग चढवलेला असू शकतो. नट-बोल्ट, पॅनेलच्या रेघा, चाकांची घडण बघायला ती अप्रतिम. रंगाचा पुरावा म्हणून कच्ची.

रंगाच्या छटेसाठी जास्त भरवशाचं म्हणजे जुन्या रंगाचे नमुने. ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानरंगांवर काढलेल्या पुस्तकात छापील चित्रांऐवजी प्रत्यक्ष रंगाचे तुकडे चिकटवले होते. ब्रिटिश मानक 'बीएस ३८१सी'मध्येही मातकट तपकिरीला ४५० आणि पोटाकडच्या करड्याला ६३७ असे क्रमांक आहेत. मोबाइलच्या स्क्रीनवर छटा जुळवण्यापेक्षा हे क्रमांक घेऊन दुकानात गेलेलं बरं.

याच म्युझियमच्या संग्रहात 'हैदराबाद'चं एक खरं विमानही आहे. पहिल्या महायुद्धात ११० स्क्वाड्रनची सुरुवातीची सगळी डीएच.९ए विमानं निजामाने भेट दिलेली, आणि तसं प्रत्येकावर लिहिलेलं. त्यातलं 'एफ१०१०' ५ ऑक्टोबर १९१८ला जर्मनांच्या हाती पडलं, बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, पुढे पोलंडला पोचलं आणि १९७७मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटनला परत आलं. त्या काळच्या विमानांवरचा 'पीसी १०' हा रंग पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा. तो कुणाला हिरवट दिसतो, कुणाला तपकिरी. शंभर वर्षं झाली तरी त्यावर एकमत नाही.

ज्यांना निजामाचं विमान नकोच, त्यांच्यासाठी दुसरा पर्याय आहे. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरलं, तेव्हा मदतीला भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती. किटच्या डब्यावर कदाचित केशरी-पांढरी-हिरवी गोल खूण असेल. ती १९५०मध्ये आली. त्याआधी काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्राची खूण होती. नळदुर्गच्या लढाईतल्या टेम्पेस्टवर तिरंगी खूण चिकटवली, तर मॉडेल निदान सव्वा वर्ष पुढे गेलं.