'आर' संगणकीय भाषेतील खंडित अक्षाचे आलेख : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :

संशोधनात आकडेवारी आलेखाद्वारे मांडण्याची पद्धत सर्व विद्याशाखांत रूढ आहे. मात्र दोन-तीन मूल्ये इतरांपेक्षा फार मोठी असली की अडचण निर्माण होते. मोठे स्तंभ पानभर पसरतात आणि लहान स्तंभ पायथ्याशी दिसेनासे होतात. अशा वेळी अक्षाचा मधला भाग वगळून 'खंडित अक्ष' वापरला जातो. शालेय पाठ्यपुस्तकांतील 'अक्षसंकोच चिन्ह' आरंभबिंदूजवळचा भाग वगळते; येथे मात्र मधलाच भाग गाळला जातो. असा आलेख 'आर' भाषेत कसा काढतात आणि त्यातून वाचकाची दिशाभूल कशी होऊ शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :

२०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला लोकसंख्येची घनता मुंबई उपनगर जिल्ह्यात २०,९८०, मुंबई शहरात १९,६५२, तत्कालीन अविभाजित ठाणे जिल्ह्यात १,१५७, पुण्यात ६०३, सिंधुदुर्गात १६३ आणि गडचिरोलीत ७४ होती. १ सें.मी. = १,००० असे प्रमाण घेतल्यास मुंबई उपनगराचा स्तंभ सुमारे २१ सें.मी. उंच होतो, तर पुण्याचा ६ मि.मी. आणि गडचिरोलीचा १ मि.मी.पेक्षाही कमी भरतो. पुण्याची घनता गडचिरोलीच्या आठपट आहे, ही महत्त्वाची बाब अशा आलेखात डोळ्यांना जाणवत नाही.

'आर' भाषेतील पद्धती :

'आर' ही भाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केली. तिची १.०.० ही आवृत्ती फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने महाविद्यालयीन संशोधकांना सहज वापरता येते. तिच्या मूळ आलेख-आज्ञांत खंडित अक्षाची थेट सोय नाही. त्यासाठी 'प्लॉट्रिक्स' हे पूरक पॅकेज घ्यावे लागते. त्यातील 'गॅप.बारप्लॉट' हे फंक्शन स्तंभालेखासाठी, 'गॅप.प्लॉट' हे बिंदू-आलेखासाठी आणि 'ॲक्सिस.ब्रेक' हे अक्षावर खंडाची खूण उमटवण्यासाठी आहे. 'जीजीप्लॉट-२' वापरणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'जीजीब्रेक' हे पॅकेज उपलब्ध झाले.

वरील उदाहरणात १,३०० ते १९,००० हा भाग वगळता येतो, कारण त्यात एकही निरीक्षण येत नाही. खंडाच्या मर्यादा निवडताना ही अट पाळणे आवश्यक आहे. फंक्शनला निरीक्षणे, खंडाच्या दोन मर्यादा आणि अक्षावर लिहावयाचे आकडे दिले जातात. त्यानंतर घडते ते साधी वजाबाकी : खंडाच्या वरील प्रत्येक मूल्यातून १७,७०० वजा करून उरलेल्या उंचीचा स्तंभ काढला जातो.

दिशाभूल कशी होते ?

या वजाबाकीतच खरा धोका आहे. मुंबई उपनगराची काढलेली उंची ३,२८० एकक, मुंबई शहराची १,९५२ आणि ठाण्याची १,१५७ एवढी होते. मुंबई उपनगराची घनता ठाण्याच्या अठरापट असताना आलेखात ती तिपटीहून कमी दिसते. उलट, दोन मुंबई जिल्ह्यांतील फरक वस्तुतः सुमारे ७ टक्के असताना उपनगराचा स्तंभ शहराच्या स्तंभापेक्षा जवळजवळ १.७ पट उंच दिसतो. म्हणजे एकाच आलेखात एक तफावत झाकली जाते आणि दुसरी फुगवली जाते. अक्षावरील आकडे अचूक असले तरी स्तंभालेखात डोळा लांबीचीच तुलना करतो. खंडाची छोटी खूण ती तुलना थांबवू शकत नाही.

पर्याय :

विल्यम क्लीव्हलंड यांनी 'द एलिमेंट्स ऑफ ग्राफिंग डेटा' (१९८५) या ग्रंथात अक्षखंड अपरिहार्य असेल तरच वापरावा आणि तो आलेखाच्या पूर्ण रुंदीभर स्पष्ट दाखवावा, अशी भूमिका मांडली आहे. 'आर'मध्ये 'लेआउट' फंक्शनने पानाचे दोन भाग करून दोन स्वतंत्र चौकटी काढल्यास हे साधते. त्यात स्तंभांऐवजी बिंदू वापरावेत, कारण बिंदू लांबी नव्हे तर स्थान दर्शवतो.

दुसरा पर्याय लॉगरिथमिक मापश्रेणीचा आहे. तीत १०, १००, १,००० आणि १०,००० ही मूल्ये समान अंतरावर येतात. त्यामुळे गडचिरोली ते मुंबई उपनगर हे सर्व जिल्हे एकाच अखंड अक्षावर बसतात आणि 'किती पट' हे योग्य रीतीने दिसते. या श्रेणीला शून्य नसल्याने येथेही बिंदूच योग्य ठरतात. मात्र दोन मुंबई जिल्ह्यांचे बिंदू जवळजवळ एकत्र येतात आणि अशा श्रेणीचा सराव नसलेल्या वाचकासाठी स्पष्टीकरण द्यावे लागते. निरीक्षणे मोजकीच असतील तर साधा तक्ता अधिक प्रामाणिक ठरतो.

निष्कर्ष :

खंडित अक्ष काढणे 'आर'मध्ये एका आज्ञेचे काम आहे. तो काढावा की नाही, हा निर्णय मात्र संशोधकाचा आहे. खंडित स्तंभालेख शक्यतो टाळावा. खंड वापरलाच तर तो ठळक दाखवावा, वगळलेल्या मर्यादा शीर्षकाखाली नोंदवाव्यात आणि प्रत्येक निरीक्षणाचे मूळ मूल्य आलेखावर लिहावे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प व प्रबंध तपासतानाही मार्गदर्शकांनी आकड्यांबरोबर अक्षाची पडताळणी करणे गरजेचे आहे, कारण चुकीचा आलेख बरोबर आकड्यांवरूनही काढता येतो.