घरी फिंचची पिल्लं हवीत? आधी पक्षी ओळखा

मांडवगण फराट्याच्या ऊसपट्ट्यात दिसणारी मनोली, म्हणजेच मुनिया, फिंचसारखीच दिसते. पण तिला पकडून पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरोघरी पाळला जातो तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा झेब्रा फिंच. नराच्या गालावर केशरी ठिपका असतो, मादीच्या नसतो.

जोडीला शांत जागा, छोटं मडकं, सुकं गवत, राळा आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्या. अंड्यांतून साधारण १२ ते १४ दिवसांत पिल्लं येतात. त्या काळात मडक्यात सारखं डोकावू नका.

दोन वेळा पिल्लं झाली की मडकं काढून ठेवा. सतत अंडी घालून मादीचं कॅल्शियम घटतं आणि अंडं अडकून ती दगावू शकते.