भुसार विभागातलं धान्य आणि डायनासोरचं शेण

मार्केट यार्डात भुसार विभागातले गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी म्हणजे सगळं गवताचंच बी! आणि हे गवत फार जुनं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या जीवाश्म शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, त्यात भाताच्या दूरच्या नातलगांचेही. २००५ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. म्हणजे डायनासोर गवत खात होते!

परदेशी विद्यापीठांत जीवाश्मशास्त्राचे विद्यार्थी असल्या विषयांवर विकिपीडियात लेख लिहितात, त्याचे गुणही मिळतात. पुण्यातही (इतर विषयांत) हा प्रयोग झालाय. २०११ साली सीओईपी, सिम्बायोसिस, एसएनडीटीतली मुलं इंग्रजी विकिपीडियावर लिहीत होती. पण कॉपी-पेस्ट इतकं वाढलं की त्याच वर्षी तो गुंडाळला. साफसफाई स्वयंसेवकांच्या गळ्यात! माझ्या मते मुलांपेक्षा घाईचा दोष मोठा.

लेखासाठी जीवाश्मांचं बरं असतं, एक प्राणी घ्यायचा नि त्याच्यामागे लागायचं. डोंगरगावचा (तोही चंद्रपूरचाच) इसिसॉरस हा डायनासोर घ्या. १९९७ साली तो टायटॅनोसॉरसची जात म्हणून नोंदला गेला, २००३ साली वेगळा ठरला. नावातलं ‘इसि’ म्हणजे आयएसआय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. भूशास्त्राच्या मुलांनो, मराठी विकिपीडियासाठी घेता का हा विषय? मूळ शोधनिबंध वाचून, स्वतःच्या शब्दांत, संदर्भांसकट.