गिरणी संपाचा हिशेब : सातारा-सांगलीच्या खात्यावर काय जमा, काय नावे?

कापडाच्या धंद्यात नव्याने उतरलेली आपली तरुण मुले एक प्रश्न नेहमी विचारतात. ताग्यावर छाप नामांकित कंपनीचा असतो, मग माल इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या मागावरचा कसा? कंपनीची स्वतःची गिरणी कुठे गेली? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर 18 जानेवारी 1982 या तारखेत आहे. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे साठ गिरण्यांच्या अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला. तो संप कोणीही रीतसर मागे घेतला नाही. 1983 च्या मध्यापर्यंत तो हळूहळू विरत गेला. पण त्याचे परिणाम आपल्या गल्ल्यापर्यंत, बाजारपेठेपर्यंत आणि शेतातल्या पाण्यापर्यंत आले. त्याचा हा थोडक्यात हिशेब.

प्रथम मूळ तक्रार काय होती ते पाहू. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत असंतोष भडकला. परंतु बोनस हे निमित्त होते. पगारवाढ, घरभाडे व प्रवासभत्ता, पगारी रजा आणि बदली कामगारांना कायम करणे अशा मागण्या होत्या. बदली म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगितले पाहिजे. बदली कामगार रोज गिरणीच्या दारात जाऊन उभा राहायचा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर रिकाम्या हाताने परत. वर्षानुवर्षे माणसे अशी बदलीवर राहिली.

त्याहून मोठी मागणी कायद्याविषयी होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला मालकांशी बोलणी करण्याचा हक्क दिला होता. गिरण्यांत हा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नाही तरी मालक व सरकार तिच्याशीच बोलणार. दुसऱ्या संघटनेने संप केला तर तो बेकायदा. म्हणजे आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ठरवण्याचाच अधिकार कामगाराला नव्हता. मजुरीच्या दरापेक्षा हा प्रश्न अधिक खोल होता.

आता सातारा-सांगलीचा संबंध. गिरणगावात कोकणातल्या माणसांच्या बरोबरीने घाटावरची माणसे होती. खटाव, माण, पाटण, कराड, खानापूर, वाळवा, शिराळा या भागांतून पिढ्यान् पिढ्या माणसे लालबाग, परळ, वरळीला गेली. गावकऱ्यांच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या एकाच खोलीत पाळीपाळीने वीस-वीस जण झोपत. जेवण खानावळीत. उरलेला पैसा मनीऑर्डरने गावी. कोरडवाहू शेती आणि मुंबईची मनीऑर्डर या दोन चाकांवर घर चालायचे.

1982 साली मी उर्दू शाळेत शिकत होतो आणि शाळा सुटल्यावर अब्बांच्या दुकानात बसत असे. त्या काळात आमच्या खातेवहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे गिरणीचे नाव लिहिलेले असे. तीच त्याची पत होती. मनीऑर्डर आली की लुगडे, धोतर, मांजरपाट, पोरांच्या शाळेचे कापड यांची उधारी फिटायची. संपाच्या वर्षी दिवाळीला आणि ईदला पेठ ओस होती. संप मुंबईत होता, पण आमच्या पानांवरची बाकी वाढत होती.

तरीही संप इतका लांबला कसा? याचे उत्तर गावातच आहे. कामगाराचे गावाशी नाते तुटले नव्हते. अनेक कामगार गावी परतले, शेतात राबले, मजुरीला गेले. गावागावांतून धान्याची पोती मुंबईला रवाना झाली. मालकांनी धरले होते की पोट रिकामे झाले की कामगार दारात येतील. सातारा-सांगलीच्या ज्वारी-बाजरीने तो अंदाज बराच काळ खोटा ठरवला.

मग हार का झाली? व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर कारण समजायला सोपे आहे. संपाचे बळ एकाच गोष्टीत असते : माल थांबला तर मालकाचे नुकसान झाले पाहिजे. पण इथे मालकाकडे सुरुवातीला गोदामात साठा पडून होता. तो निघाल्यावर यंत्रमागाचे कापड घेऊन त्यावर आपला छाप मारण्याची सोय होती. ही पद्धत संपापूर्वीच सुरू झाली होती. संपाने ती घट्ट केली. यंत्रमागाला अबकारीचा भार कमी, कामगार कायद्यांचा जाच कमी आणि मजुरी गिरणीपेक्षा बरीच खाली. शिवाय सुती कापडाची जागा पॉलिस्टर घेऊ लागले होते. रिलायन्सचा पाताळगंगा येथील पॉलिस्टर धाग्याचा कारखाना याच 1982 साली सुरू झाला. आणि शेवटची गोष्ट म्हणजे जमीन. मुंबईच्या मध्यभागी गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जागा होती. ज्याची जमीन त्याच्या कापडापेक्षा महाग झाली, त्याला माग बंद पडल्याचे दुःख कशाला होईल?

सरकारनेही वाटाघाटीचे दार उघडले नाही. गिरण्यांत जुना कायदा मोडला तर इतर उद्योगांतही तेच होईल, ही भीती होती. ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्राने 13 गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, परंतु हजारो कामगार कायमचे बाहेर राहिले. जून 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पातळीवर धरले आणि तोट्यातील गिरण्या बंद करण्याची वाट मोकळी केली. डॉ. सामंत 1984 मध्ये लोकसभेवर निवडून गेले. 16 जानेवारी 1997 रोजी त्यांची हत्या झाली.

नावे बाजू इतकी मोठी आहे. आता जमा बाजू पाहू, कारण ती सहसा कोणी सांगत नाही.

संपामुळे गावी परतलेल्या कामगारांनी आपल्या भागात दुष्काळ पाहिला. खानापूर तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या माणसांत हे गिरणी कामगारही होते. मोर्चा कसा काढायचा, मागणी कागदावर कशी मांडायची, साहेबासमोर कसे बोलायचे हे ते मुंबईत शिकले होते. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गेल ऑम्व्हेट या दांपत्याचा तिच्याशी निकटचा संबंध होता. पाटणकर वाळवा तालुक्यातील कासेगावचे. त्यांचे आई-वडील, इंदुताई आणि बाबूजी, दोघेही 1943 ते 1946 या काळातील क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारच्या लढ्यात होते. इंग्रजाबरोबर सावकारालाही जाब विचारणारी ती चळवळ याच मातीतली. म्हणजे मुंबईहून आलेले बी तयार जमिनीत पडले.

या लोकांनी प्रश्न बदलला. दरवर्षी दुष्काळात खडी का फोडायची? दुष्काळच हटेल असे काम का मागायचे नाही? येरळा नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदीकाठच्या विहिरी आटत होत्या. तांदुळवाडी आणि बलवडी या दोन गावांनी बेसुमार उपशाला विरोध केला आणि थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून धरण बांधायचे ठरवले. जलतज्ज्ञ के. आर. दाते यांचे मार्गदर्शन लाभले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याचे वैशिष्ट्य भिंतीपेक्षा वाटपात आहे. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला समान, भूमिहीनालाही वाटा. ज्याला जमीन नाही त्याने पाण्याचा वाटा घेऊन दुसऱ्याची जमीन खंडाने करावी, हा हिशेब. कृष्णाकाठच्या ऊसवाल्याला जितके पाणी लागते तितक्यात कोरडवाहू भागातील किती घरांची भाकरी निघेल, हा प्रश्न तेव्हापासून उघड विचारला जाऊ लागला.

1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड असे प्रतिसरकारच्या काळातले जुने सैनिकही दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी या लढ्यात उतरले. कराड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेणारी योजना पुढे सरकली, त्यामागे या चळवळीचा मोठा रेटा होता. आपल्या व्यापारी बांधवांनी हे ध्यानात घ्यावे. मनीऑर्डर बंद झाल्यावर या भागातील पेठा ज्या आधारावर पुन्हा उभ्या राहिल्या, त्यात विट्याकडच्या गलाई व्यावसायिकांनी परप्रांतातून पाठवलेला पैसा आहे, विट्याचे यंत्रमाग आहेत, आटपाडीचे डाळिंब आहे आणि हे पाणीही आहे. गिऱ्हाइकाच्या हाती पैसा असेल तरच तागा खपतो. पाणी एका गावात अडले तर बाजारही एकाच गावात भरतो.

घराच्या प्रश्नाचा निकाल मात्र अर्धाच लागला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरवले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती होऊन ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती मान्य केली. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. घरासाठी कामगार व वारसांचे दीड लाखाहून अधिक अर्ज आले, तर 2012, 2016 आणि 2020 च्या सोडतींत मिळून घरे निघाली पंधरा हजारांच्या आसपास. अर्ज करणाऱ्यांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ वारस आहेत. ज्यांच्या घरात गिरणीचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी किंवा ई.एस.आय. कार्ड असेल, त्यांनी ते कागद जपून ठेवावेत. कागद हरवला की हक्क सिद्ध करणे कठीण जाते.

आता आपल्या धंद्याचा मुद्दा. गिरणी कामगाराचे नाव निदान हजेरीपटावर होते. आज जो यंत्रमाग कामगार बारा तास मागावर उभा राहतो, मग तो इचलकरंजीतला मराठी असो की भिवंडीतला उत्तरेकडून आलेला अन्सारी, त्याचे नाव पुष्कळदा कुठल्याच पटावर नसते. गिरणीचा बदली कामगार दारात उभा राहायचा. आज जवळजवळ सारा धंदाच बदलीवर चालतो. मागाचा मालकही फार सुखी नाही. खर्चीवाला यंत्रमागधारक दुसऱ्याचे सूत विणून देतो आणि पिकामागे ठरलेल्या मजुरीवर जगतो. आपण दलालाकडे मीटरला दहा पैसे कमी करा म्हणतो, तेव्हा ते पैसे सुताच्या दरातून निघत नाहीत, विजेच्या बिलातून निघत नाहीत. ते मजुरीतून निघतात. आपण पैसे देण्यास चार महिने लावले की विणकराचा आठवड्याचा पगार लांबतो.

म्हणून कायद्यात झालेला एक बदल प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा. आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आले आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाले. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला वा काम करून घेतले, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. मुदत चुकवली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. वर्षअखेर बाकी राहिली तर तिच्यावर कर भरावा लागतो. या कलमावर व्यापारात बरीच ओरड झाली. तरी त्याचा फायदा उत्पादकाला आणि पर्यायाने मागावरच्या मजुराला आहे, हे कबूल केले पाहिजे.

संसदेने 2020 मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या संघटनेत असतील तिला बोलणीचा हक्क दिला आहे. कामगारांच्या वतीने कोणी बोलावे हे त्यांच्या संख्येने ठरावे, हे तत्त्व कागदावर आले. परंतु ज्याचे नाव पटावरच नाही, त्याची मोजणी कशात होणार?

तेव्हा तरुण व्यापाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. माल घेताना दर विचारता तसे हेही विचारा की मागावरच्या माणसाचे नाव कुठे लिहिले आहे का, आणि त्याचा पगार वेळेवर होतो का. ठरलेल्या मुदतीत बिल चुकते करा आणि मुदत लेखी ठेवा. 1982 मध्ये अडीच लाख माणसे पटावर असूनही त्यांचे कोणी ऐकले नाही, आणि त्याची किंमत सातारा-सांगलीच्या पेठांनीही मोजली. मजुराच्या हातात पैसा नसेल तर आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसते. हा धंद्याचा साधा नियम आहे.