संकरित कपाशीची सरकी पुन्हां कां पेरूं नये?

पूर्वीं आपल्याकडील शेतकरी भरदार बोंडांची सरकी निवडून ठेवी व तीच पुढल्या पावसाळ्यांत पेरी. आतां यवतमाळ जिल्ह्यांत बहुतेक संकरित कपाशीच पेरली जाते व तिचें बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. हा भार फुलसावंगीच्या पालकांस सांगावयास नको. ह्या कपाशीची सरकी वांझ असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. ती पेरल्यास उगवते, फुलते, बोंडेंही धरते. खरें कारण परागकण व बीजांड ज्या रीतीनें तयार होतात, तींत आहे.

अमेरिकन कपाशीच्या पेशींत ५२ गुणसूत्रें, म्हणजे २६ जोड्या असतात. जोडींतील एक सूत्र मातेकडून व एक पित्याकडून आलेलें असतें. झाडाची उंची, बोंडाचें वजन, रुईची लांबी ह्या गुणांचे घटक त्यांवर ओळीनें बसलेले असतात. परागकणांत मात्र २६ सूत्रेंच जावयाचीं असतात. त्यासाठीं पेशीचें विभाजन होतांना जोडींतील दोन्ही सूत्रें प्रथम एकमेकांस लगटतात, समोरासमोरच्या जागीं तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हां सांधलीं जातात. मग तीं पेशीच्या दोन टोकांकडे ओढलीं जातात. कोणतें सूत्र कोणत्या टोकास जाईल ह्यास नियम नाहीं, व एका जोडीचें दुसरीस बंधन नाहीं. विद्यार्थ्यांनीं २६ वेळां दोन हा आंकडा मांडून गुणाकार करावा, ६,७१,०८,८६४ येतील. तितक्या प्रकारचे पराग एका झाडांत संभवतात, आणि अदलाबदलीचे प्रकार ह्यांत धरलेलेच नाहींत!

१९७० मध्यें सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल ह्यांनीं ‘हायब्रिड ४’ ही, व्यापारी लागवडीची जगांतील पहिली, संकरित कपाशी दिली. अशा कपाशीचे मातापिता शुद्ध वाणाचे असतात. त्यांच्या जोडीचीं दोन्ही सूत्रें सारखींच असल्यामुळें कितीही अदलाबदल झाली तरी पराग एकाच जातीचे निघतात. म्हणून पहिल्या पिढीचें शेत एकसारखें दिसतें. परंतु त्या पिढींत जोडीचीं सूत्रें भिन्न असतात. पत्त्यांप्रमाणें तीं पिसलीं गेलीं कीं, पुढल्या वर्षीं एक झाड उंच, दुसरें ठेंगणें, एकाची रुई लांब, दुसऱ्याची आंखूड. संकराचा जोमही ओसरतो.

खरा वांझपणा पाहावयाचा तर देशी व अमेरिकन कपाशीचा संकर पाहावा. देशीचीं सूत्रें २६. संकरांत १३ व २६ मिळून ३९ होतात. त्यांपैकीं १३ सूत्रांस जोडीदारच मिळत नाहीं, वांटणी बिघडते व बोंड क्वचितच धरतें.

सरळ वाणाची घरची सरकी मात्र पुन्हां पेरतां येते. फक्त मधमाश्या शेजारच्या शेतांतून पराग आणतात. तेव्हां बियाण्याचीं बोंडें बांधालगतचीं न घेतां शेताच्या मध्यभागचीं वेंचावीं.